किल्लीवरचा लाल दिवा लागतो, पण गाडी ऐकत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: २०१६ ची हॅचबॅक, घडीची रिमोट किल्ली. आठवड्यापूर्वी रिमोट अचानक बंद पडला. नवीन सेल टाकला तरी गाडी लॉक-अनलॉक होत नाही. बटण दाबलं की किल्लीवरचा लाल दिवा मात्र लागतो, आणि किल्ली फिरवली की गाडी नेहमीसारखी सुरू होते. सर्व्हिस सेंटरने पूर्ण किल्ली बदलायला सांगितली आहे, साडेनऊ हजार. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवा. दुसरी किल्ली गावी आईकडे आहे. काय करू?

साडेनऊ हजार आत्ता देऊ नका. बॅटरीची वायरही काढू नका. आधी गावची किल्ली मागवून घ्या.

मी कोल्हापुरात उद्यमनगरला ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, तेवीस वर्षं झाली. पहिली दहा-बारा वर्षं सेल्फ, डायनॅमो आणि वायरिंगमध्येच गेली. आता दिवसाला दोन-तीन तरी किल्ल्या टेबलावर येतात. येणारा प्रत्येक जण म्हणतो, 'रिमोट गेला.' त्यातले निम्मे रिमोट गेलेले नसतात. गेलेलं दुसरंच काहीतरी असतं आणि शिक्षा किल्लीला होते.

तुमच्या हातातली किल्ली एक वस्तू दिसते, पण एकाच प्लास्टिकच्या घरात तीन भाडेकरू राहतात आणि त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. एक म्हणजे धातूचं पातं, जे दाराच्या आणि स्टिअरिंगच्या कुलपात फिरतं. दुसरी चिप. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेची एक कॉइल असते, ती साधारण १२५ किलोहर्ट्झवर चिपला दुरूनच वीज पुरवते आणि तिचा नंबर वाचते. नंबर ओळखीचा निघाला तरच इंजिन चालू राहतं. यालाच आपण इमोबिलायझर म्हणतो. तिसरा भाडेकरू रिमोट: सेल, बटणं आणि एक बारीक रेडिओ स्टेशन. आपल्याकडच्या गाड्यांत हा रिमोट साधारण ४३३.९२ मेगाहर्ट्झवर बोलतो.

तुमची गाडी सुरू होते, म्हणजे पातं ठीक आणि चिपही ठीक. किल्लीतला सर्वात महागडा आणि कटकटीचा भाग शाबूत आहे. बिघडलाय फक्त तिसरा भाडेकरू, किंवा त्याचं ऐकणारा गाडीतला रिसीव्हर. पूर्ण किल्ली बदलायची म्हणजे तिघांनाही घराबाहेर काढायचं. सर्व्हिस सेंटर फसवतंय असं मी म्हणत नाही. त्यांच्याकडे सुटा रिमोट उघडून दुरुस्त करायची पद्धतच नाही, पार्ट बदलायची आहे. पण तुम्हाला तसं करायची गरज नाही.

आता दुसरी किल्ली. तिचा इतका आग्रह का, तर हजारो रुपयांच्या मशिनशिवाय घरच्या घरी होणारी ही एकमेव खात्रीची चाचणी आहे. दुसऱ्या किल्लीच्या रिमोटने गाडी उघडली तर दोष पहिल्या किल्लीत, आणि गाडीकडे बघायचंही कारण नाही. दोन्ही किल्ल्यांनी उघडली नाही तर दोन्ही रिमोट एकाच आठवड्यात मरायची शक्यता फारच कमी, दोष गाडीत शोधायचा. अट एकच: त्या किल्लीत आधी नवा सेल घाला. आईच्या कपाटात पाच-सात वर्षं पडून असलेल्या किल्लीचा सेल उतरलेला असणारच, आणि मग 'दोन्ही बंद, म्हणजे गाडीच गेली' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. असा निष्कर्ष काढून बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे दारं-दिवे सांभाळणारा गाडीतला कॉम्प्युटर, बदलायच्या तयारीत असलेला एक गृहस्थ माझ्याकडे इचलकरंजीहून आला होता. दोन सेलमध्ये काम झालं.

किल्ली येईपर्यंत एक गोष्ट बघा. गाडीला अगदी खेटून, काचेला किल्ली लावून बटण दाबा. दोनदा, तीनदा. तिथून चालत असेल आणि चार पावलांवरून चालत नसेल, तर आवाज आहे पण क्षीण झालाय: सेल, अँटेना किंवा रिसीव्हर. खेटूनही काहीच होत नसेल तर प्रकरण वेगळं. हे तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही आणि माझं अर्धं उत्तर त्यावर अवलंबून आहे.

सेलबद्दल बोलू. तुम्ही नवीन टाकलाय हे मान्य, पण 'नवीन' या शब्दावर माझा फार विश्वास नाही. किराणा दुकानात पुठ्ठ्यावर लटकलेला सेल किती वर्षं तिथे होता, कोणाला माहीत. सेलवरचा आकडा वाचा. सीआर२०३२ मधला २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. सीआर२०२५ तेवढाच रुंद, पण जाडी २.५. वरून दोन्ही सारखेच दिसतात, दुकानदारही 'चालतोय की' म्हणून देतो. मग ०.७ मिलिमीटरची फट राहते, पत्र्याची क्लिप अर्धवट टेकते, आणि किल्ली हलवली की चालते, ठेवली की बंद. उलट चूक केली, २०२५ च्या जागी २०३२ कोंबला, तर क्लिप वाकते आणि पुढे योग्य सेल टाकला तरी टेकत नाही. लहान किल्ल्यांत १६२० किंवा १६३२ असतो. जुना सेल टाकून देण्याआधी त्यावरचा आकडा बघायची सवय लावा. अर्थात, आधीच कुणी चुकीचा घातला असेल तर तोही साक्षीदार खोटा. किल्लीच्या आतल्या प्लास्टिकवर बहुतेक वेळा आकडा कोरलेला असतो, तो खरा.

सेल बसवताना कडेने धरा. बोटाचं तेल दोन्ही तोंडांवर लागलं तर जोड बिघडतो, निदान पावसाळ्यात तरी. काही कंपन्या आता लहान मुलांनी गिळू नये म्हणून सेलवर कडू लेप देतात. कल्पना चांगली आहे, पण तो लेप काही किल्ल्यांत वीज नीट जाऊ देत नाही. मऊ कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसला की काम होतं. लहान मुलांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. असा २० मिलिमीटरचा सेल मुलाच्या अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते. जुना सेल टेबलावर ठेवून 'नंतर टाकतो' म्हणू नका. आणि गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता थेट हॉस्पिटल.

मल्टीमीटर असेल तर मोजा. नवा सेल ३ व्होल्टच्या जरा वर, ३.२ च्या आसपास दाखवतो. २.८ च्या खाली असेल तर मी तो बाजूला ठेवतो. पण नुसता ठेवलेला सेल मोजणं म्हणजे झोपलेल्या पैलवानाची ताकद मोजणं. मी सेल किल्लीत बसवतो, मीटरची टोकं सेलच्या दोन बाजूंना टेकवतो आणि मग बटण दाबतो. चांगला सेल थोडा हलतो आणि सावरतो. मेलेला सेल ३.० वरून एकदम २.३-२.४ वर कोसळतो. बटण सोडलं की परत शहाण्यासारखा ३.० दाखवतो. अशा सेलवर दिवा लागतो, कारण दिव्याला फारसं काही लागत नाही, पण रेडिओचा धक्का तो देऊ शकत नाही. थंडीत हे जास्त दिसतं. 'पाचगणीत सकाळी सहाला चालत नाही, दुपारी चालतो' असं कुणी सांगितलं की मी किल्ली न उघडताच नवा सेल काढतो.

तुमच्या प्रश्नातली लाल दिव्याची गोष्ट फार महत्त्वाची. दिवा लागतो म्हणजे रिमोटच्या पाटीपर्यंत (आतल्या सर्किट बोर्डापर्यंत) वीज पोचते, बटणाखालचा स्विच दाबला जातो आणि छोटा प्रोसेसर जागा होतो. लॉक आणि अनलॉक दोन्ही बटणांवर दिवा लागत असेल तर झिजलेले मायक्रोस्विच, तुटलेली क्लिप, पाणी गेलेली पाटी ही नेहमीची गिऱ्हाइकं तुमच्या यादीतून बऱ्यापैकी बाहेर. पण सिग्नल बाहेर पडतोय हे दिवा सांगत नाही. आपण माईकवर बोलतोय, माईकचा दिवा लागलाय, आणि स्पीकरची वायर निघालेली आहे, तसा प्रकार.

इथे बरेच जण सांगतील, 'मोबाईलचा कॅमेरा लावा, बटण दाबल्यावर उजेड दिसला तर रिमोट चांगला.' ते टीव्हीच्या रिमोटचं आहे. त्यातून इन्फ्रारेड निघतो, कॅमेऱ्याला दिसतो. तुमच्या किल्लीतून रेडिओ लहरी निघतात, त्या कुठल्याही कॅमेऱ्याला दिसत नाहीत. कॅमेऱ्यात काही दिसलं नाही म्हणून चांगली किल्ली फेकून दिलेले लोक मी पाहिलेत. सिग्नल बघायचा तर किल्लीवाल्याकडे फ्रिक्वेन्सी टेस्टर असतो. त्यावर किल्ली ठेवून बटण दाबलं की आकडा येतो. बहुतेक दुकानदार याचे पैसेही घेत नाहीत. एका मिनिटाचं काम आहे, साडेनऊ हजारांआधी एवढं करून घ्या. ४३३.९२ च्या आसपास आकडा आला तर रिमोट बोलतोय. काहीच आलं नाही तर रिमोट मुका. आकडा आला पण भलताच, समजा ४३१, तर रिमोट बोलतोय पण चुकीच्या स्टेशनवर.

तो तिसरा प्रकार पडलेल्या किल्लीत होतो, म्हणून विचारतो: बंद पडायच्या आधी किल्ली फरशीवर पडली होती का? आठवत नसेल तर घरच्यांना विचारा, कारण बहुतेक वेळा ती दुसऱ्याच कुणाच्या हातून पडलेली असते आणि त्याने गुपचूप परत खुंटीला लावलेली असते. पाटीवर एक बारीक चकचकीत डबी दिसते, तो क्रिस्टल, रिमोटचं स्टेशन ठरवणारा. काही रिमोटांत त्यावर १३.५६ छापलेलं असतं. तो आकडा ३२ पट केला की बरोबर ४३३.९२ येतो, रेडिओची चिप (इमोबिलायझरची नव्हे) हा गुणाकार स्वतः करते. डबीत क्वार्ट्झची पातळ चकती असते, नखाहून नाजूक. फरशीवर आपटली की तडा जातो, बाहेरून काहीच दिसत नाही, दिवा लागतो, आणि रेडिओ गप्प. तुमची लक्षणं नेमकी याला जुळतात, पण मी पाटी बघितल्याशिवाय पैज लावणार नाही. कधी कधी क्रिस्टल चांगला असतो, फक्त त्याचा एक पाय सोल्डरमधून, म्हणजे डाग दिलेल्या जोडातून, सुटलेला असतो. मागच्या महिन्यात एक अशीच किल्ली आली. भिंगाखाली धरली तर सोल्डरभोवती केसासारखी काळी गोल रेघ. सोल्डरिंगची टोकदार सुई टेकवली, थोडा फ्लक्स, दोन सेकंद. टेस्टरवर आकडा. गिऱ्हाईक म्हणाला, 'एवढंच?' मी म्हटलं, एवढंच, पण ती रेघ शोधायला अर्धा तास लागला त्याचे पैसे द्या.

तुमच्या किल्लीला नसेल, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाला उपयोग होईल म्हणून मायक्रोस्विचचं एवढंच: रबर दाबल्यावर 'टिक' ऐकू येत नसेल, किंवा जोरात नखाने दाबलं तरच दिवा लागत असेल, तर स्विच संपलाय. स्विच दोन-पाच रुपयांचा, मजुरी वेगळी. आणि किल्ली कपड्यांबरोबर मशिनमध्ये धुतली असेल तर तांदळात पुरू नका. तांदूळ पाणी ओढतील न ओढतील, साबण पाटीवरच राहतो आणि तोच खातो. सेल ताबडतोब बाहेर, पाटी अल्कोहोल आणि जुन्या मऊ ब्रशने स्वच्छ, पंख्याखाली दिवसभर. रत्नागिरी-मालवणकडून येणाऱ्या किल्ल्यांत मशिनमध्ये न धुताही बुरशीसारखा हिरवा गंज दिसतो, तो खाऱ्या हवेचा. तिथल्या लोकांनी वर्षातून एकदा किल्ली उघडून क्लिप पुसली तरी पुरे.

आता जुळणी, म्हणजे गाडीने आपल्या रिमोटला ओळखणं, तुटण्याबद्दल, कारण सर्व्हिस सेंटरमध्ये तुम्हाला हा शब्द ऐकायला मिळेलच. रिमोट दरवेळी तोच कोड पाठवत नाही. पाठवला असता तर कुणीही तो रेकॉर्ड करून गाडी उघडली असती. रिमोटमध्ये एक आकडा चालू असतो, दर दाबाला एकाने वाढतो, आणि त्यावरून नवा कोड बनतो. गाडी तोच आकडा आपल्याकडे सांभाळते. खिशात, गाडीपासून लांब, बटण चुकून दाबलं गेलं तर रिमोट पुढे जातो आणि गाडी मागे राहते. म्हणून गाडी थोडी सूट देते. मायक्रोचिप कंपनीची कीलॉक ही पद्धत खूप गाड्यांत वापरली गेली. तिच्यात साधारणपणे १६ पावलांपर्यंत पुढे गेलेला रिमोट गाडी निमूट स्वीकारते. त्याहून पुढे गेला तर लागोपाठ दोन दाब मागते आणि मग जुळवून घेते, ते सुद्धा हजारो पावलांपर्यंत. सांगायचा मुद्दा, नातवाने किल्लीशी खेळत शंभर वेळा बटण दाबलं म्हणून रिमोट कायमचा गेला, हे सहसा होत नाही. गाडीजवळ उभं राहून दोन-तीनदा सावकाश दाबलं की बहुतेक वेळा गाडी शहाणी होते. तुमच्या बाबतीत हे झालं असतं तर आठवड्यात केव्हाच जुळलं असतं.

तरी काही गाड्यांत सेल बराच वेळ बाहेर राहिला की जुळणी खरंच जाते. ती परत आणायची रीत मॉडेलप्रमाणे बदलते. काहींत किल्ली ऑनवर फिरवून लॉकचं बटण काही सेकंद दाबायचं असतं, काहींत मशिनशिवाय होतच नाही. गाडीच्या पुस्तकात 'रिमोट' किंवा 'कीलेस एंट्री'चं पान उघडा. इंटरनेटवरच्या दुसऱ्या मॉडेलच्या कवायती करत बसू नका. दार पाच वेळा उघडा, हँडब्रेक तीन वेळा ओढा, असल्या गोष्टी एखाद्या गाडीत खऱ्या असतात आणि तुमच्या गाडीत नुसता व्यायाम.

बॅटरीची वायर काढण्याचा सल्ला याच समजातून येतो: गाडीचं डोकं रिकामं होईल आणि परत भरेल. किल्ल्यांची नोंद अशा मेमरीत असते जी वीज गेल्याने पुसली जात नाही, आणि पुसली जात नाही म्हणूनच बॅटरी बदलल्यावर गाडी आपल्याला ओळखते. वायर काढून फार तर घड्याळ, रेडिओची स्टेशनं आणि काचेची ऑटो सेटिंग जाईल. कधीतरी अडकलेलं मॉड्यूल त्याने सुटतंही, मी नाही म्हणत नाही. पण तो शेवटचा प्रयोग, पहिला नव्हे.

दोन्ही किल्ल्या चालल्या नाहीत तर गाडीकडे वळा. आधी आतला दिवा. मंद असेल, सेल्फ रडत असेल, तर बारा व्होल्टची बॅटरी बघा. रात्रभर उभ्या गाडीत चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. मग ड्रायव्हरच्या दारावरच्या बटणाने सगळी दारं लॉक होतात का? होत असतील तर लॉकच्या मोटरी ठीक, ऐकणारा रिसीव्हर किंवा त्याचा फ्यूज संशयित. होत नसतील तर प्रश्न रिमोटचा नाहीच, सेंट्रल लॉकचा आहे. डॅशबोर्डवर दार उघडं असल्याची खूण दिसते का तेही बघा. डिकीचा स्विच झिजला की गाडीला वाटतं डिकी उघडी आहे, आणि काही मॉडेल मग रिमोटने लॉकच होत नाहीत.

आणि एक प्रश्न ज्याचं उत्तर फक्त तुमच्याकडे आहे: रिमोट कंपनीतूनच आला होता, की गाडी घेतल्यावर ॲक्सेसरीच्या दुकानातून लॉकची सिस्टिम बसवून घेतली? २०१६ च्या खालच्या व्हेरिएंटमध्ये असं खूप झालंय. बाहेरून बसवलेल्या सिस्टिमला स्टिअरिंगखाली कुठेतरी एक बारीक व्हॅले स्विच, म्हणजे सिस्टिम तात्पुरती बंद करायचं बटण, लपवलेला असतो. गाडी धुणाऱ्याचा किंवा ड्रायव्हरचा गुडघा त्याला लागला की सिस्टिम झोपते आणि रिमोट मेल्यासारखा वाटतो. तसं असेल तर सर्व्हिस सेंटरला त्यातलं काही कळणारच नाही, कारण ती त्यांची वस्तूच नाही.

कधी ना किल्लीचा दोष असतो, ना गाडीचा. मागे एका पावसाळ्यात राजारामपुरीतल्या एका सोसायटीतून फोन आला. चार गाड्या, चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या, एकाच दिवसापासून रिमोट बंद. एकाने नवीन किल्लीची ऑर्डरही दिलेली. चार गाड्या एकदम बिघडत नाहीत, म्हणून मी टूलबॉक्सऐवजी फक्त टेस्टर घेऊन गेलो. पार्किंगमध्ये उभा राहिलो, कुठलंही बटण दाबलेलं नाही, आणि टेस्टर ४३३ चा आकडा दाखवत बसलाय. त्या आकड्यामागे चालत गेलो तर जिन्याखाली पाण्याच्या टाकीची पातळी कळवणारी वायरलेस डबी, अडॅप्टरवर चालणारी. गळतीचं पाणी आत गेलं होतं आणि ती अखंड ओरडत होती. तिच्या ओरडण्यात चार किल्ल्यांचं बोलणं कुणाला ऐकू येणार? वॉचमनने अडॅप्टर उपटला, आणि किल्ली हातात धरून उभ्या असलेल्या काकांच्या गाडीची दारं टक्‌कन उघडली. सेक्रेटरी म्हणाले, 'आता टाकी भरली कसं कळणार?' तो माझा विषय नव्हता. तेव्हा तुमची गाडी रोज एकाच जागी लागत असेल तर एकदा दोन किलोमीटर लांब, मोकळ्या मैदानात नेऊन बटण दाबून बघा. फुकट चाचणी आहे.

समजा शेवटी किल्लीच दोषी निघाली आणि दुरुस्त होण्यासारखी नसली. मग काय? सुटा रिमोट किंवा बाहेरची कॉपी किल्ली बसवता येते, दर गावाप्रमाणे आणि मॉडेलप्रमाणे बदलतो. परदेशातल्या भाच्याकडून 'अगदी तशीच' किल्ली मागवू नका. अमेरिकेकडच्या बऱ्याचशा किल्ल्या ३१५ मेगाहर्ट्झच्या असतात, दिसायला जुळी बहीण आणि बोलायला परकी.

फक्त कव्हर बदलायचं असेल तर जुनं कव्हर फेकण्याआधी उजेडात धरून नीट बघा. काही किल्ल्यांत इमोबिलायझरची चिप पाटीवर नसते. पेन्सिलच्या शिशाच्या जाड तुकड्यासारखी, काळी किंवा काचेची, कव्हरच्याच एका कोनाड्यात चिकटवलेली असते. नवीन कव्हर झोकात बसवलं, जुनं कचऱ्यात गेलं, आणि सकाळी गाडी सुरू होऊन दोन सेकंदांत बंद. एक बाई घंटागाडीच्या मागे धावत गेल्या होत्या. मिळाली त्यांना. सगळ्यांना मिळत नाही.

नवीन किल्ली जुळवायला जाताना गावची किल्ली सोबत न्याच. खूप गाड्यांत जुळवणी करताना हजर असलेल्या सगळ्या किल्ल्या परत शिकवाव्या लागतात, जी हजर नसेल ती बाद होते. गावची किल्ली मग फक्त दार उघडेल, गाडी सुरू करणार नाही, आणि ते तुम्हाला सहा महिन्यांनी, नको त्या दिवशी कळेल. आरसी आणि ओळखपत्र न मागता किल्ली बनवून देणारा भेटला तर तिथून परत फिरा. जो तुमची बनवतो तो उद्या दुसऱ्या कुणालाही तुमच्या गाडीची बनवून देईल. बंद पडलेली किल्लीही टाकू नका. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. पॉलिसीत किल्लीचं वेगळं कव्हर घेतलं असेल तर त्याच्या अटी आधी वाचा, ते बहुधा हरवलेल्या-चोरीच्या किल्लीसाठी असतं, बिघडलेल्या नव्हे.

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीवाल्यांसाठी दोन ओळी. तुमच्या किल्लीचा सेल गेला तर बाहेर अडकायचं कारण नाही. किल्लीत एक बारीक पातं लपवलेलं असतं, खटका सरकवला की निघतं, दाराच्या हँडलजवळ त्याचं भोक असतं, कधी टोपीखाली झाकलेलं. आत बसून ब्रेक किंवा क्लच दाबून किल्ली थेट स्टार्टच्या बटणाला टेकवा, बहुतेक गाड्या तशा सुरू होतात. किल्ली मोबाईलला किंवा त्याच्या चार्जरला चिकटवून ठेवू नका. 'किल्ली सापडत नाही' हा मेसेज कित्येकदा तेवढ्यानेच जातो.

तर तुमचा क्रम असा राहील. आज: चांगल्या दुकानातून, आकडा जुळवून, आणखी एक सेल, आणि काचेला खेटून तसंच मोकळ्या मैदानात बटण दाबून बघणं. उद्या: कुठल्याही किल्लीवाल्याकडे टेस्टरवर आकडा. रविवारी: गावची किल्ली, नव्या सेलसह. टेस्टरवर काहीच येत नसेल आणि गावची किल्ली चालत असेल, तर पाटी उघडून क्रिस्टल आणि सोल्डर बघायला सांगा. मोबाईल रिपेअर करणारा चांगला मुलगाही हे करू शकतो, त्याच्याकडे भिंग आणि बारीक सोल्डरिंग दोन्ही असतं. माझ्याकडे असं काम तीनशे ते पाचशेत होतं.

किल्ली पडली होती का, रिमोट कंपनीचा की बाहेरचा, आणि काचेला खेटून काय झालं, एवढं इथेच खाली लिहा. जमलं तर पाटीचा दोन्ही बाजूंनी फोटोही टाका, सेल काढून, दिवसाच्या उजेडात. फ्लॅश मारू नका, सोल्डर चमकतं आणि ती रेघ दिसत नाही.